नोंदवहीत कालवं नाहीत

आमच्या खाडीकाठच्या एका ग्रामपंचायतीच्या कपाटात स्पायरल बाइंडिंग केलेलं एक बाड आहे. वर गावाचं नाव, खाली ठळक अक्षरांत 'लोकजैवविविधता नोंदवही'. ग्रामसेवकांनी प्लास्टिकची पिशवी झटकून ते मला कौतुकाने काढून दाखवलं. माशांच्या पानावर आलो तर पहिलं नाव रोहू. मग कटला, मग मृगळ. खाऱ्या पाण्याच्या खाडीत! खाडीतल्या शिंपल्यांपैकी तिसरे नाहीत, मुळे नाहीत, खुबे नाहीत. आणि जी काढून, फोडून, विकून वाडीतल्या कितीतरी बायकांचा हिवाळा निघतो, ती कालवं, खडकाला चिकटलेली शिंपली, तर नाहीतच. झाडांच्या तक्त्यात मधेच भलत्याच तालुक्यातल्या एका गावाचं नाव पुसायचं राहून गेलं होतं. ग्रामसेवक म्हणाले, "सर, आम्हाला सही-शिक्क्यापुरतंच दाखवलं होतं हे."

हे असं का झालं ते समजायला फार डोकं लागत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी समित्या आल्या आणि प्रत्येक समितीने आपल्या हद्दीतल्या जिवाजंतूंची, पिकांची, त्यांबद्दलच्या माहितीची वही करायची असं ठरलं. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडली ती गावाने स्वतः लिहायची वही म्हणून. पुढे बरीच वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि त्यानंतर दरमहा १० लाख रुपये दंडाची तंबी दिली. दंड म्हटल्यावर यंत्रणा पळायला लागली. कंत्राटं निघाली, नमुने फिरले, एका गावाचं पान दुसऱ्या गावात चिकटलं. कागदावर सगळं वेळेत.

मी तालुक्याच्या कॉलेजात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्या काळात मुंबई-पुण्याहून, बंगळूरहून, क्वचित परदेशातून आलेल्या संशोधकांना वाड्या-वाड्यांत नेऊन बसवायचं काम माझ्याकडे आपोआप आलं. गाडी माझी, ओळख माझी, नंतर ऐकून घ्यायचं तेही मीच. त्यामुळे 'समाज आणि विद्यापीठ यांची भागीदारी' यावर कार्यशाळेत कुणी बोलायला लागलं की माझे कान टवकारतात. तिथे सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द 'विश्वास'. विश्वास कमवायला हवा, वाढवायला हवा, टिकवायला हवा. ते खरंच आहे, पण मला तो शब्द हल्ली थोडा सोयीचा वाटायला लागलाय. विश्वास ही मनातली गोष्ट, ती मोजता येत नाही, म्हणून तिच्यात कुणाची चूकही दाखवता येत नाही. वही दिसते. ती कोण लिहितं, काम संपल्यावर कुठल्या कपाटात जाते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गावात कुणाला ती उघडायची गरज पडते का, हे विचारलं की कुठली भागीदारी टिकेल आणि कुठली नाही याचा बराचसा अंदाज येतो.

मंडणगड तालुक्यातलं वेळास घ्या. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. अंडी लोक नेत होते, कोल्हे-कुत्रे उकरत होते. घरटं सापडलं की अंडी मोजायची, किनाऱ्यावरच्या जाळीच्या कुंपणात तशाच खोलीचा खड्डा करून पुरायची, तारीख लिहायची आणि वाट बघायची. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात, थंडी-ऊन पाहून चार-पाच दिवस मागेपुढे. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला आणि ही वाट बघणं पाहुण्यांनाही विकत घेता येऊ लागलं. म्हणजे घरात राहायची सोय, जेवायला आंबोळी-उसळ, पहाटे आणि संध्याकाळी किनाऱ्यावर घरट्यावरची टोपली उचलायचा क्षण.

इथे ती तारीख महत्त्वाची. घरटं कधी पुरलं हे वहीत नीट नसेल तर पिल्लं कधी निघतील ते सांगता येत नाही, आणि ते सांगता आलं नाही तर मुंबईहून येणाऱ्याला कुठल्या शनिवारी ये म्हणायचं? म्हणजे जी नोंद शास्त्रज्ञाला लागते, तीच ज्या घरात पाहुणा उतरणार त्या घरालाही लागते. नोंद चुकली तर पाहुणे रिकाम्या किनाऱ्यावर उभे राहतात, आणि त्यांची तोंडं घरातल्या बाईला बघावी लागतात. एवढी कडक तपासणी कुठल्या प्रबंधाच्या परीक्षकानेही केलेली मी पाहिली नाही. पुढे जानेवारी २०२२ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्याचं कांदळवन प्रतिष्ठान उपग्रह टॅग घेऊन आले आणि वेळासला पहिल्या मादीच्या पाठीवर यंत्र बसलं, तेव्हा तिचं नाव 'प्रथमा' ठेवलं गेलं. तोवर किनाऱ्यावर रात्री फिरून पावलांची नक्षी ओळखणारी माणसं वीस वर्षं तयार झाली होती. टॅगवाल्यांना कासव शोधायला जी माणसं लागली, ती कुठल्या प्रकल्पाने तीन महिन्यांत प्रशिक्षण देऊन बनवलेली नव्हती.

याच चालीवर चाललेली दुसरी गोष्ट जाळ्यांची. डिसेंबर २०१८ पासून आपल्या किनाऱ्यावर संरक्षित प्राणी, म्हणजे कासव, डॉल्फिन, देवमासा, जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ लागतो. म्हणजे होडीचा प्रमुख, तांडेल, आपली नुकसानभरपाई मागायला फोटो काढतो, आणि कुठल्या प्राण्याचा, कुठे, कुठल्या महिन्यात वावर आहे याची नोंद आपोआप तयार होते. इथे उपदेश नाही, शपथ नाही. देणं काय आणि घेणं काय ते दोन्ही बाजूंना ठाऊक. भरपाई रेंगाळली की फोटोही थांबतील, हेही दोन्ही बाजूंना ठाऊक असायला हवं.

आता उलट बाजू. १९८७ साली मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम २९ चौरस किलोमीटर, पण ज्यांच्या रापणी, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायची जाळी, आणि होड्या त्या पाण्यात, त्यांचा त्याला असलेला विरोध कधी पुरता मावळलाच नाही. माझा मुद्दा अभयारण्य चांगलं की वाईट हा नाही. मुद्दा असा, की त्यानंतर तीस वर्षं त्या किनाऱ्यावर कुणीही प्रवाळ मोजायला, शेवाळ गोळा करायला, अगदी शंख-शिंपल्यांची यादी करायला आला तरी पहिला प्रश्न हाच असतो: "अभयारण्यासाठी काय?" बिचाऱ्या एम.एस्सी.च्या मुलीने १९८७ साली जन्मही घेतलेला नसतो. पण गावाच्या खात्यात संशोधक हे एकच नाव आहे. एकाने बुडवलं की वसुली पुढच्याकडून होते. बँकेत नाही का, एकाचं कर्ज थकलं की जामीनदाराच्या दारात माणूस येतो, तसं. आणि बुडवणारा तोवर प्राध्यापक होऊन दुसऱ्या राज्यात गेलेला असतो.

पश्चिम घाट राखण्यासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या गाडगीळांच्याच समितीचं उदाहरण तर डोळ्यांदेखतचं. त्या मंडळींनी सिंधुदुर्ग-रत्नागिरीत फिरून माणसांशी बोलून काम केलं, आणि अहवालात निर्णय ग्रामसभांकडे न्या, मसुदा स्थानिक भाषांत लोकांपुढे ठेवा, असं लिहिलं. अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सरकारकडे गेला आणि तिथेच अडकला. माहिती अधिकारात झगडा झाला, कोर्टापर्यंत गेला, तेव्हा मे २०१२ मध्ये तो खुला झाला. तोही इंग्रजीत, शेकडो पानांचा. मधल्या महिन्यांत आमच्याकडे काय पसरलं होतं ते मी कानांनी ऐकलंय: घराला जांभ्या दगडाचा चिरा काढता येणार नाही, बागेतली फांदी तोडायला परवानगी लागणार, गुरं पाळता येणार नाहीत. जे लिहिलंच नव्हतं त्याविरुद्ध सभा झाल्या. वाचायला काही नव्हतं तिथे ऐकीव गोष्टी येऊन बसणारच. पुढे मराठीत काय काय आलं ते आलं, पण मनं तोवर झाली होती. समितीने भागीदारी मागितली होती आणि सरकारने ती कुलपात ठेवली. किंमत मात्र शास्त्रज्ञांच्या नावावर पडली.

इथे एक कबुली देतो, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. उन्नत भारत अभियानात प्रत्येक संस्थेने पाच गावं दत्तक घ्यायची असतात. 'दत्तक' हा शब्दच मला खटकतो. ज्या गावचे गावकार, मानकरी, देवस्थानचे हिशेब चारशे वर्षांचे, त्याला तीस वर्षांचं कॉलेज दत्तक घेणार. ते असो. आम्हीही घेतली. मुलांना घेऊन घरोघरी फॉर्म भरले. जून महिना होता. लावणीच्या दिवसांत माणूस चिखलातून बांधावर येऊन, हात इरल्याला पुसून, 'घरात शौचालय आहे का' याचं उत्तर देतो, हे आज आठवलं की ओशाळायला होतं. त्या फॉर्मांचं पुढे काय झालं? वरच्या पोर्टलवर आकडे भरले. कागद विभागाच्या कपाटात राहिले, आणि तीन पावसाळ्यांनंतर कपाट उघडलं तर वाळवीने त्यांचा भुगा केला होता. त्या गावांत मी नंतर गेलो ते लग्नाला आणि गणपतीला. आकडे घेऊन कधीच गेलो नाही. कारण विचाराल तर साधं आहे: आकडे परत नेऊन दाखवायला कुठल्याच रकान्यात गुण नव्हते.

हे गुणांचं प्रकरण हसण्यावारी नेऊ नये. शिक्षकाची बढती ठरते ती स्कोपससारख्या यादीतल्या नियतकालिकांत छापून आलेल्या इंग्रजी लेखांवर. त्याच कामावर मराठीत सोळा पानांची पुस्तिका काढून ती पन्नास घरांत वाटली तर त्याला काही नाही. वर खर्चाचं बिल कुठल्या शीर्षाखाली टाकायचं हा प्रश्न. प्रकल्प तीन वर्षांचा. पहिलं वर्ष मंजुरी आणि माणसं नेमण्यात, दुसरं फिरण्यात, तिसरं लिहिण्यात. ज्या पोराने गावात सहा महिने काढून म्हातारीकडून भाताच्या वाणांची नावं काढून घेतली तो कंत्राटी, त्याला कुठे कायम नोकरी लागली की तो निघाला. त्याच्याबरोबर ओळखही निघाली. पुढच्या प्रकल्पाला नवा पोर, नवी वही, आणि म्हातारीला तेच प्रश्न. तिने दुसऱ्यांदा थोडं कमी सांगितलं तर दोष तिचा कसा?

गाव मात्र धुतल्या तांदळाचं असं कुणी समजू नये. मी कोकणातला, मला ठाऊक आहे. एक तर 'गाव' नावाची एक वस्तू नसतेच. वरची वाडी, खालची वाडी, बौद्धवाडी, मोहल्ला, भंडारवाडा, गाबीतवाडा. सरपंचाच्या ओसरीवर चहा घेऊन 'गावाची संमती' घेतली असं लिहिणाऱ्या संशोधकाला मी नेहमी विचारतो, कुठल्या ओसरीवर? शिवाय अर्धं गाव मुंबईला. देवळाचा जीर्णोद्धार असो की नळपाणी योजना, लालबाग-परळच्या खोलीत ग्रामस्थ मंडळाची बैठक झाल्याशिवाय इथे पान हलत नाही. गावात बसून सगळं ठरलं असं समजून कामाला लागलेले कितीतरी प्रकल्प गणपतीत चाकरमानी आल्यावर उलटे झालेत.

आणि माणसं खोटंही सांगतात, त्याला कारण असतं. मच्छीमाराला डिझेलचा परतावा मिळतो, म्हणून डिझेल किती जाळता या प्रश्नाचं उत्तर तो तोलूनमापून देणार. मासळी किती मिळाली याचं उत्तर कर्ज मागताना वेगळं, दुष्काळ मागताना वेगळं. पारंपरिक मच्छीमार आणि मोठ्या वेढ्याची यांत्रिक जाळी टाकणारे पर्ससीनवाले यांच्यात तर आकडा हेच हत्यार आहे. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालाचा आधार घेऊन फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले. रापणकरांना ते संशोधन आपलं वाटलं, पर्ससीनवाल्यांना वैऱ्याचं. समुद्र एकच, बंदरही एकच, आणि त्याच बंदरात एक अहवाल एकाच वेळी आधार आणि आघात असू शकतो. अशा ठिकाणी 'आम्ही समाजाबरोबर काम करतो' या वाक्याला अर्थ उरत नाही. कुणाबरोबर, ते सांगावं लागतं, आणि ज्यांच्याबरोबर नाही त्यांच्या दारातही जाऊन बसावं लागतं. त्यात वेळ जातो, तो प्रकल्पाच्या तक्त्यात कुणी धरत नाही.

मग काय चालतं? मला आपल्या किनारपट्टीवरची दोन माणसांची नि एका झाडाची गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे मराठवाड्यातले. सत्तरच्या दशकात महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट पोरं डोळ्यांसमोर जात होती. रोग्याच्या उशाशी रात्र-रात्र बसून त्यांनी रक्तदाब, नाडी, घाम, हातापायांचं गारठणं लिहून ठेवलं, आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी त्यावर लागू पडते हे दाखवलं. ते 'लॅन्सेट'मध्ये आलं, जगभर गेलं. पण त्याआधी ती गोळी इथल्याच पोरांच्या पोटात गेली होती. माहिती जिथून उचलली तिथेच तिचं पहिलं फळ पडलं. आणि डॉक्टर पुढे महाडलाच राहिले. बाहेरचा माणूस चालत नाही असं नाही. राहावं लागतं, एवढंच.

दुसरा माणूस म्हणजे एक गुराखी, नाव छापायला त्याची परवानगी मी विचारलेली नाही. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळपठारांवर, जमिनीच्या दगडात कोरलेली कातळशिल्पं शोधण्याचं काम सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गेल्या दशकभरात केलं. २०२२ मध्ये ती शिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, कशेळीचा तो अवाढव्य हत्ती आणि बारसूच्या सड्यावरची चित्रं धरून. रिसबूड-मराठे विद्यापीठातले नव्हेत, रत्नागिरीतलेच. गावोगावच्या गुराख्यांना, म्हाताऱ्यांना विचारत त्यांनी सडे पालथे घातले, म्हणून ती सापडली. विद्यापीठं आणि मोठ्या संस्था नंतर आल्या. आमच्या गुराख्याने त्याच्या सड्यावरचं एक चित्र मला दाखवलं, तेव्हा तो म्हणाला, लहानपणी आम्ही याच्या पोटात बसून पावसाचं पाणी साचवायचो. मग लगेच विचारलं, "जागा सरकारजमा तर नाय ना होणार?" कातळ मालकीचा आहे, त्याला चिरेखाणवाला पैसे देतो. ज्याच्या जमिनीवर चित्र आहे त्याला त्या प्रश्नाचं उत्तर लेखी मिळेपर्यंत तो पुढचं चित्र दाखवेलच असं नाही, आणि दाखवू नये असंच मला वाटतं.

झाड काजूचं. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र १९५७ पासूनचं, पुढे दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे आलेलं. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जाती शेतकऱ्याने का उचलल्या? अहवाल वाचून नव्हे. दर पावसाळ्यात रोपवाटिकेत जाऊन कलम आणायचं असतं, मेलं तर दुसरं आणायचं असतं, टी मॉस्किटो या किडीने मोहोर जाळला तर तिथेच जाऊन भांडायचं असतं. भांडायला पत्ता आहे, तो बदलत नाही. मला वाटतं भागीदारीची यापेक्षा चांगली कसोटी नाही.

म्हणूनच माझं म्हणणं असं, की दूरच्या विद्यापीठाने गावाशी थेट करार करण्यापेक्षा मधे न हलणारं काहीतरी हवं. तालुक्याचं कॉलेज, नाहीतर वाचनालय. कोकणात वाचनालयांना तोटा नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे. जो कोणी जिल्ह्यात संशोधन करेल त्याने कच्च्या नोंदींची मराठी प्रत तिथे ठेवावी, आणि निधी देणाऱ्याने शेवटचा हप्ता ती पोच पाहूनच सोडावा. या एका अटीने बरंच सरळ होईल. चिपळूणच्या वाचनालयाचं जुलै २०२१ च्या पुरात काय झालं ते पाहिल्यामुळे दोन ठिकाणी, त्यातली एक उंचावर, असंही मी जोडीन. पूर ओसरल्यावर त्याच शहरात भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा मोजायला किती पथकं आली, आणि ती मोजमापं आज शहरातल्या कुठल्या कपाटात आहेत, हा प्रश्न चिपळूणकरांनीच विचारावा.

सध्या आमच्या खाडीची वही आम्ही नव्याने लिहितोय. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, कॉलेजच्या दोन मुली आणि कालवं काढणाऱ्या पाच बायका. पहिल्या दिवशी त्यांतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या काकीने हातातला कोयता खाली न ठेवताच ऐकवलं, "मागच्या खेपेक पण इल्ले. त्येंका सगळा सांगलंव. मगे?" मग, "ह्यां लिवन खंय ठेवतलास?" अंगणवाडीत ठेवू म्हटलं. अंगणवाडीची किल्ली तिच्या सुनेकडे असते, तेव्हा ते पटलं असावं. तिसरे कधी गाभोळीला येतात, कुठल्या महिन्यात कालवं 'पाणीदार' होतात आणि काढू नयेत, वाळू उपसायला लागल्यापासून मुळे कुठून गेले, हे सगळं तिने दोन ओहोट्यांत सांगितलं. 'सापडण्याचं ठिकाण' या रकान्यापाशी मात्र हात वर केला.

"तां लिवू नकात."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. रकाना रिकामा राहिला तर पान अपूर्ण दिसेल, असं तिला वाटत होतं. मी म्हटलं, राहू दे. काकीने पुढचं पान उलटायला सांगितलं आणि स्वतःच नाव घातलं: खुबे.